पाय लांबवण्याची शस्त्रक्रिया: किती सेंटीमीटर, हे कसं ठरवायचं

उंची वाढवायची शस्त्रक्रिया करण्याच्या विचारात असलेली माणसं भेटली की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "मॅडम, जास्तीत जास्त किती वाढेल?" मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताठर झालेले पाय पुन्हा वाकते-चालते करणं हे माझं मुंबईतलं काम. माझं मत असं की हा प्रश्न उलट बाजूने विचारावा: कमीत कमी किती वाढली तर तुमचं भागेल? हाड कापून हळूहळू ओढलं की ते बऱ्यापैकी लांबतं. स्नायू, टाचेची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर) आणि मज्जातंतू मात्र त्याच्यामागे ओढले जातात. त्यांना किती सोसतं, त्यावर तुमचा आकडा ठरतो.

हा लेख वाढ पूर्ण झालेल्या, सज्ञान माणसांसाठी आहे. मुलगा किंवा मुलगी अजून वाढीच्या वयात असेल, तर आधी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघावं आणि हार्मोन्सच्या डॉक्टरांना भेटावं. एक पाय जन्मतः किंवा अपघातामुळे आखूड असेल तर तो वेगळा विषय आहे. तिथे आकडा दुसऱ्या पायावरून ठरतो.

आधी आजची खरी उंची

दिवसभरात माणूस एक ते दोन सेंटीमीटरने बुटका होतो. मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात. म्हणून अनवाणी उभं राहून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर सरळ ठेवून सकाळी आणि रात्री अशी दोन्ही वेळेला उंची मोजा. असं काही दिवस करा आणि रात्रीचा आकडा धरा. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या, कारण स्वतःची उंची स्वतः मोजताना मान नकळत वर जाते. हिशेब सेंटीमीटरमध्येच ठेवा. १ इंच म्हणजे २.५४ सें.मी. "तीन इंच वाढवतो" हे बोलायला सोपं असतं, पण ते ७.६ सें.मी. होतात आणि पायासाठी ती फार मोठी मजल आहे.

त्याच वेळी आणखी दोन मापं घ्या. हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, आणि स्टुलावर ताठ बसून स्टुलापासून डोक्यापर्यंतची उंची. हातांचा पसारा साधारण उंचीइतका असतो. तुमचा पसारा आधीच उंचीपेक्षा कमी असेल, तर पाय सात-आठ सेंटीमीटरने लांबल्यावर हात आखूड दिसतील. बसल्यावरची उंची मात्र शस्त्रक्रियेनंतर तसूभरही बदलत नाही. ज्यांचं काम दिवसभर टेबलाशी किंवा व्हिडिओ कॉलवर चालतं, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

मग बुटात घालायचे उंचीचे इनसोल आणा. आधी तीन सेंटीमीटरचे, नंतर पाचच्या आसपासचे, असे काही आठवडे घालून ऑफिसला, लग्नकार्याला, मित्रांत जाऊन या. हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. जे तीन सेंटीमीटरने खूश होतात, त्यांनी आठचं ओझं घेऊ नये. पाचानेही मनातली सल तशीच राहत असेल, तर पुढचा मुद्दा दोनदा वाचा.

आकडा कशासाठी हवा आहे, ते लिहून काढा

कागदावर, खरंखरं. स्थळं नाकारली जातात म्हणून? शाळेपासून चिडवलं म्हणून? भरतीसाठी?

भरतीचं उत्तर लवकर देता येतं. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना किमान १६५ सें.मी. आणि महिलांना १५५ सें.मी. उंची लागते. पण मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर वेळेत धावायचं असतं, आणि पुढे वैद्यकीय तपासणी असते. लांबवलेल्या पायाने चालणं नीट जमलं तरी पूर्वीचा वेग येईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. शस्त्रक्रियेचे व्रणही लपत नाहीत. भरतीसाठी दोन सेंटीमीटर कमी पडतात म्हणून हाडं कापून घेऊ नका.

बाकीची कारणं खरी असतात आणि ती दुखतातही. ती मी हसण्यावारी नेत नाही. पण काही जणांच्या मनात उंचीचा सल इतका खोल रुजलेला असतो की दिवसातले तास आरशात, मोजपट्टीत आणि दुसऱ्यांशी तुलना करण्यात जातात. अशा माणसाला सहा सेंटीमीटर मिळाल्यावर सातवं हवं असतं. म्हणून आकडा ठरवण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटणं ही मी सक्तीची पायरी मानते. केईएम, सायन, नायर आणि जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. तुमचा सर्जन या भेटीचा आग्रह धरत असेल तर ती चांगली खूण समजा.

हाड लांबतं कसं

सोव्हिएत रशियातल्या कुर्गान या सैबेरियन शहरात गाव्रील इलिझारोव्ह या सर्जनने १९५०च्या दशकात ही पद्धत घडवली. आपल्याकडच्या हाडांच्या वॉर्डांत पायाभोवती गोल रिंगा आणि आरपार तारा लावलेले रुग्ण दिसतात, ती त्याचीच देणगी. हाड काळजीपूर्वक कापायचं, साधारण आठवडाभर थांबायचं आणि मग दोन तुकडे रोज एक मिलिमीटर दूर न्यायचे. तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा. मधल्या फटीत नवं हाड धरतं. ते सुरुवातीला ताज्या ओतलेल्या स्लॅबसारखं असतं: आकार आला तरी त्यावर भार टाकायला पुष्कळ दिवस जावे लागतात.

वेग वाढवून वेळ वाचत नाही. जास्त वेगाने ओढलं तर नवं हाड विरळ येतं आणि मज्जातंतू दुखावतात. फार हळू ओढलं तर फट वेळेआधीच जुळून बंद होते आणि पुन्हा कापावं लागतं.

यंत्रणा दोन प्रकारच्या असतात. बाहेरच्या रिंगांवर बहुधा थोडा भार टाकून चालता येतं, पण त्वचेतून जाणाऱ्या पिनांच्या जागी संसर्गाची टांगती तलवार असते आणि रिंगा कित्येक महिने राहतात. काही सर्जन आत साधा रॉडही घालतात, म्हणजे रिंगा लवकर काढता येतात. दुसरा प्रकार म्हणजे हाडाच्या पोकळीत बसणारा चुंबकीय रॉड. तो बाहेरून यंत्र धरून लांबवतात. बाहेर काही दिसत नाही, दुखणंही तुलनेने कमी असतं. पण तो खूप महाग असतो, आणि टायटॅनियमच्या बहुतेक रॉडवर हाड भरेपर्यंत पूर्ण वजन टाकता येत नाही. दोन्ही पाय एकाच वेळी केले असतील तर तेवढे महिने व्हीलचेअर आणि वॉकर. पूर्ण वजन पेलणारा 'स्ट्राइड' नावाचा स्टीलचा रॉड आला होता. तो गंजणं आणि त्याच्याभोवतीच्या हाडात बदल होणं अशा तक्रारी आल्यावर २०२१ मध्ये कंपनीनेच बाजारातून मागे घेतला. कोणी "लगेच पूर्ण वजन टाकून चाला" असं आश्वासन देत असेल, तर रॉडचं नाव आणि धातू लिहून मागा.

मांडीचं हाड की नडगीचं

आकड्याचा मुख्य निर्णय इथे होतो. डॉक्टरांना पायांचा उभ्याने काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण एक्स-रे मागा आणि दोन्ही हाडांची लांबी मोजून घ्या. साधारण संकेत असा की मूळ लांबीच्या १५ ते २० टक्क्यांपलीकडे गेल्यावर गुंतागुंत झपाट्याने वाढते. मी कायम १५चाच हिशेब धरायला सांगते.

समजा मांडीचं हाड ४३.५ सें.मी. आणि नडगीचं ३५ सें.मी. आहे. पंधरा टक्के म्हणजे मांडीत ६.५ आणि नडगीत सव्वापाच. व्यवहारात मांडीत पाच ते आठ आणि नडगीत पाच-सहापर्यंतचे आकडे ऐकायला मिळतात. त्यातलं वरचं टोक हे यंत्राचं आणि सर्जनच्या धाडसाचं टोक असतं. ते तुमचं लक्ष्य धरू नका.

आता प्रमाण बघा. नडगीला मांडीने भागलं की बहुतेक माणसांत ०.८०च्या आसपास येतं. वरच्या उदाहरणातही तेवढंच आहे. मांडीत साडेसहा वाढवले की ते ०.७० होतं, नडगीत पाच वाढवले तर ०.९२. कपड्यांत हे फारसं कळत नाही, पण पाय वापरताना कळतं. मांडी लांब आणि नडगी आखूड झाली की उकिडवं बसताना तोल मागे जातो, आणि तो सावरायला धड पुढे झुकवावं लागतं. नडगी लांबवली की टाचेची शीर ताणते, टाच जमिनीला टेकत नाही आणि पाऊल खाली लोंबायला लागतं. शिवाय नडगीत हाड उशिरा भरतं, म्हणून तिथे वेग बऱ्याचदा दिवसाला पाऊण मिलिमीटर ठेवतात. शेजारच्या बारीक हाडाची दोन्ही टोकं स्क्रूने नीट धरून ठेवली नाहीत तर घोटा बिघडतो.

मांडीतला ताण वेगळा. गुडघा वाकेनासा होतो, खुबा पुढे ओढला जातो, मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी तारेसारखी ताठ होते. आतल्या रॉडने मांडी लांबवताना दर सेंटीमीटरमागे पायाचा भार सुमारे एक मिलिमीटरने बाहेरच्या बाजूला सरकतो. पाय मुळात सरळ असेल तर हे खपतं. गुडघे आधीच आत वळलेले असतील तर नाही.

दोन्ही हाडं लांबवून दहा-बारा सेंटीमीटर मिळवण्याच्या योजनाही मांडल्या जातात. नवख्या माणसाने त्या टेबलावरून बाजूला साराव्यात. आधी एक हाड, मग पूर्ण बरं होणं, मग किमान वर्षभर त्या पायांनी जगणं. त्यानंतर दुसऱ्याचा विचार मनात आलाच, तर तेव्हाचा तेव्हा बघा.

मुंबईत तुमच्या पायांना काय करावं लागतं

परदेशातल्या रुग्णांचे आकडे वाचून आपला आकडा ठरवू नका. त्यांच्या पायांना उकिडवं बसावं लागत नाही. तुमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे का? गावी गेल्यावर? जमिनीवर मांडी घालून जेवता का, पूजेला बसता का? गिरगाव-लालबागच्या चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता का? रोज लोकल पकडता का, जिथे फलाट आणि डब्याचा पायटा यांतलं अंतर पार करताना एका पायावर सगळं वजन येतं आणि मागून धक्काही बसतो? या प्रत्येक गोष्टीला पूर्ण वाकणारा गुडघा किंवा पूर्ण वर येणारं पाऊल लागतं. शेवटच्या दोन सेंटीमीटरांची किंमत बहुधा याच हालचाली मोजतात.

एक सोपी चाचणी आजच करा. अनवाणी, पाय जवळ ठेवून, टाचा न उचलता पूर्ण उकिडवं बसा. बसता येत नसेल तर तुमची टाचेची शीर बहुधा आधीच आखूड आहे, आणि नडगीचा आकडा कमी करायला हवा. मग पालथं झोपून टाच कुल्ल्याला लागते का बघा. ती वीतभर दूर राहत असेल तर मांडीच्या पुढचे स्नायू आताच ताठ आहेत. शस्त्रक्रियेआधीचे तीन-चार महिने स्ट्रेचिंगला द्या आणि पुन्हा तपासा. या काळात ज्यांना रोज वीस मिनिटं देणं जमत नाही, त्यांना नंतर दिवसाचे कित्येक तास देणं जमणार नाही. कोणासाठी आकडा लहान ठेवायचा, हे मला यावरून सगळ्यात नीट कळतं.

पावसाळाही हिशेबात धरा. बाहेरच्या रिंगा लावून जून ते सप्टेंबरच्या मुंबईत राहणं म्हणजे पिनांच्या जागा कोरड्या ठेवण्याची रोजची लढाई. तुंबलेल्या पाण्यात जखम असलेला पाय गेला तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा धोका असतो, महापालिका दरवर्षी तसं बजावते. लांबवण्याचे महिने ऑक्टोबरनंतर पडतील अशी तारीख घ्या. जितका मोठा आकडा, तितका पुढच्या पावसाळ्यात शिरण्याचा संभव जास्त.

वेळ आणि पैसा यांचा हिशेब

मांडीत ५ सें.मी. म्हणजे आधीचा आठवडा धरून साधारण दोन महिने लांबवणं. नडगीत तेवढ्यालाच पाऊण मिलिमीटरच्या वेगाने अडीच महिन्यांच्या आसपास. पण हाड भक्कम होईपर्यंतचा काळ मोजला तर प्रत्येक सेंटीमीटरमागे साधारण एक ते दीड महिना धरावा. पाच सेंटीमीटरला पाच ते सात महिने, आठला आठ महिने ते वर्ष. धावणं-उड्या त्यानंतर. आतला रॉड पुढे वर्ष-दोन वर्षांनी काढायचा, ती आणखी एक शस्त्रक्रिया. नोकरीवरून एवढी रजा मिळते का, आई-वडिलांच्या अंगात तुम्हाला उचलण्याचं बळ आहे का, हे विचारून झाल्यावर आकड्यातून अर्धा-एक सेंटीमीटर आपोआप गळतो.

खर्च लाखांत जातो. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, आणि तिच्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचं बिल विमा कंपनी भरेल असं गृहीत धरू नका. लेखी अंदाजपत्रकात या गोष्टी वेगवेगळ्या मागा: रॉड किंवा रिंगा, दर एक-दोन आठवड्यांचे एक्स-रे, फिजिओथेरपी, रॉड काढण्याची शस्त्रक्रिया. हाड भरलं नाही तर पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी पैसे बाजूला राहत नसतील, तर मुळात सुरुवातच करू नका.

रक्त, तंबाखू, औषधं

ड जीवनसत्त्वाची तपासणी करा. आपल्या शहरांत त्याची कमतरता सर्रास आढळते आणि ती भरून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. सिगारेटने हाड उशिरा भरतं. मशेरी आणि गुटख्यातही निकोटिन आहेच. सुटत नसेल तर आकडा कमी करून भागणार नाही, शस्त्रक्रियाच पुढे ढकला. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, काही गोळ्या हाड भरण्यात अडथळा आणू शकतात.

सर्जनला विचारायचे प्रश्न

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका. चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००६ मध्ये केवळ उंचीसाठीच्या या शस्त्रक्रियेवर बंदी घातली, कारण अपुऱ्या तयारीच्या ठिकाणी माणसं अधू होत होती. दोन वेगवेगळ्या सर्जनना भेटा आणि पहिल्याने सांगितलेला आकडा दुसऱ्याला सांगू नका. दोघांत दोन सेंटीमीटरचा फरक आला, तर लहान आकडा सांगणाऱ्याला कारण विचारा आणि नीट ऐकून घ्या.

मी विचारायला सांगते ते प्रश्न असे. माझ्या हाडाचे पंधरा टक्के किती होतात? माझं प्रमाण किती होईल? ठरलेल्या आकड्याआधी तुम्ही रुग्णाला थांबवलं आहे का, कशामुळे? मज्जातंतू दुखावला तर लांबी थोडी मागे घेता येईल अशी यंत्रणा आहे का? एक्स-रे रविवारी बिघडलेला दिसला तर फोन कोण उचलेल? तिसऱ्या प्रश्नाला "आमच्याकडे असं कधी होत नाही" असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

शेवटी कागदावर दोन आकडे

एक लक्ष्य, एक छत. लक्ष्य म्हणजे ज्याने तुमचं भागतं तो आकडा, इनसोलच्या प्रयोगातून आलेला. छत म्हणजे काहीही झालं तरी न ओलांडायचा आकडा, जो पंधरा टक्क्यांच्या आतच हवा. पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांना मी मांडीत पाच ते सहा आणि नडगीत चार ते पाच यांच्या आत लक्ष्य ठेवायला सांगते. छत शस्त्रक्रियेआधी लिहायचं, कारण नंतर पाय साथ देत असले की "आणखी एकच" असं वाटायला लागतं. आणि एकाच सेंटीमीटरमागे आणखी दहा दिवसांचं ओढणं, वर महिनाभराचं भरणं येतं.

त्याच कागदावर लक्ष्याआधी थांबायच्या अटी लिहा आणि सर्जनची सही घ्या. पाऊल काटकोनापर्यंत वर येईनासं झालं. गुडघ्याचं वाकणं किंवा सरळ होणं आठवड्यागणिक घटत गेलं आणि व्यायामाने परत आलं नाही. एक्स-रेमध्ये फटीतलं हाड विरळ दिसलं. पाय वाकडा वळू लागला. यांपैकी काहीही दिसलं तर वेग कमी करायचा किंवा थांबायचं. साडेचारावर थांबलेला आणि सहा महिन्यांत जिना चढणारा माणूस माझ्या दृष्टीने यशस्वी असतो, त्याचं लक्ष्य सहाचं असलं तरीही.

ही गोष्ट घरी लपवून करू नका. जो तुमच्यासोबत राहणार आहे, मग भाऊ असो, आई असो की रूममेट, त्याला सर्जनच्या भेटीला घेऊन जा आणि त्या कागदाची एक प्रत त्याच्याकडे द्या. दोन गोष्टी त्याला पाठ हव्यात. पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आला किंवा अंगठा वर उचलता येईनासा झाला, तर पुढचा पाव मिलिमीटर फिरवायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर फोनाफोनीत वेळ न घालवता १०८ला कॉल करून जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं, कारण पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.